करोल बागेतला ध्वनिविचार

करोल बाग या नावातली बाग कोठे गेली, असे दिल्लीत कोणी विचारीत नाही. पुण्याच्या हिराबागेत बाग शोधणारा माणूस परगावचा समजावा, तसेच हे. १९२०च्या दशकात नव्या राजधानीचे कनॉट प्लेस बांधावयाचे होते, तेव्हा माधोगंज, जयसिंगपुरा आणि राजा का बाजार या वस्त्या उठवण्यात आल्या आणि तेथल्या पुष्कळ कुटुंबांना या भागात आणून बसवण्यात आले. १९४७नंतर पश्चिम पंजाबातले निर्वासित आले आणि अजमल खान मार्गाच्या दुतर्फा त्यांनी बाजारपेठ उभी केली. सोन्याच्या कलाकुसरीमागून बंगाली कारागीर आले, नोकऱ्यांमागून तमिळ कुटुंबे आली आणि सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यामुळे सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातली मराठी माणसेही आली. स्वतःची बोली बरोबर घेऊन परमुलखात राहिलेल्या माणसांची ही वस्ती आहे. एका मोटारसायकलीच्या ध्वनियंत्रणेविषयी लिहिताना मी या जागेपासून आरंभ करते, त्याचे कारण पुढे येईल.

करोल बागेतल्या नाईवालान आणि हरिसिंग नलवा मार्ग या गल्ल्यांत मोटारसायकलींचा जो बाजार आहे, तो पाहिल्यावाचून कळणार नाही. आसने, आरसे, मडगार्ड, टाक्या, सायलेन्सर, हिमालयात जाणाऱ्यांसाठी सामानाच्या लोखंडी चौकटी, सारे दुकानांतून ओसंडून पदपथावर आलेले असते. या बाजाराची आराध्यदेवता म्हणजे एन्फील्ड. मूळची ही गाडी इंग्लंडातल्या रेडिचची. भारतीय सैन्याने बुलेट पसंत केली आणि १९५५मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे ती तयार होऊ लागली. इंग्लंडमधले उत्पादन १९७०च्या सुमारास संपले; मद्रासचे चालू राहिले. मूळ संहिता हरवावी आणि भाषांतर तेवढे टिकावे, असे वाङ्मयाच्या इतिहासात पुष्कळदा घडले आहे. गुणाढ्याची पैशाचीतली बृहत्कथा आपल्याला सोमदेव आणि क्षेमेंद्र यांच्या संस्कृतातूनच भेटते. यंत्रांच्या इतिहासातही तसे घडते, हे मला एन्फील्डमुळे कळले.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून दिल्लीस आल्यावर मी याच बाजारातून थंडरबर्ड जातीची एक जुनी एन्फील्ड घेतली. लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या या गाडीचे उत्पादन २०२०मध्ये थांबले. माझी २०१८ सालची आहे. नियुक्तीची मुदत संपली की ती चालवीत जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, पुणे या मार्गाने साताऱ्यास जावे, असा माझा बेत आहे. पंधराशे किलोमीटरांहून अधिक अंतर, पाच-सहा दिवसांचा प्रवास. गाडीच्या हॅंडलवर पूर्वीच्या मालकाने बसवलेले दोन लहान स्पीकर होते. ते बदलून चांगली ध्वनियंत्रणा बसवावी, असे मनात आले. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून होंडाच्या गोल्ड विंगवर आणि हार्लेच्या मोठ्या गाड्यांवर कारखान्यातूनच असे संच बसून येतात. वेग वाढला की आवाज आपोआप वाढवण्याची सोयही पुढे आली. तेव्हा माझी मागणी काही जगावेगळी नव्हती.

मला ऐकायचे होते ते मात्र थोडे वेगळे होते. १९९१मध्ये माझ्या आत्याने माण तालुक्यातल्या आमच्या घरी आजीच्या ओव्या साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर मुद्रित केल्या. त्या वेळी घरात जाते फिरणे केव्हाच थांबले होते. गावात गिरण आली होती. आत्याने टेपरेकॉर्डर समोर ठेवला तेव्हा आजी म्हणाली, की जात्यावर बसल्याशिवाय मला ओवी सुचणार नाही. मग जाते झाडून पुसून माजघरात मांडले, पसाभर ज्वारी घेतली आणि आजी दळू लागली. त्यामुळे कॅसेटवर आजीचा आवाज आहे, बांगड्यांची किणकिण आहे आणि या साऱ्याच्या तळाशी जात्याची अखंड घरघर आहे. ओव्या नेहमीच्याच विषयांच्या आहेत: माहेर, भाऊ, पंढरीची वाट, सासरचा जाच. एका ठिकाणी अंगणातून आजोबांच्या खोकल्याचा आवाज येतो. आजी ओवी अर्ध्यावर सोडते. जवळजवळ पाऊण मिनिट ती काही म्हणत नाही. नुसते जाते फिरत राहते. पावले दूर गेल्यावर ती ओवी पुरी करते. ती ओवी नवऱ्याविषयीची आहे.

हॅंडलवरच्या जुन्या स्पीकरांतून ही कॅसेट ऐकण्याचा प्रयत्न केला तर ताशी चाळीस किलोमीटरला आजीचे शब्द फाटू लागत आणि साठला ती दिसेनाशी होई. दिसेनाशी हा शब्द मी जाणूनबुजून वापरते.

नाईवालानच्या एका गल्लीत गाड्यांच्या विजेचे काम करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. बाजारात त्यांना सगळे उस्तादजी म्हणतात. त्यांचे वडील गुजरांवाल्याहून आले आणि रेडिओदुरुस्ती करीत. उस्तादजींनी तीच विद्या मोटारसायकलीवर चढवली. दुकानात एका चकचकीत खोक्यावर ५०० वॅट असे छापलेले पाहून मी ते हातात घेतले, तेव्हा त्यांनी ते परत ठेवायला लावले आणि वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. स्पीकर ४ ओमचा. मध्ये व्होल्टेज चढवणारे मंडल नसेल, तर ध्वनिवर्धकाला अशा स्पीकरमध्ये सुमारे १८ वॅटच ओतता येतात. गाडी चालू असताना, चार्जिंगचे व्होल्टेज १४पर्यंत चढले, तर चोवीस-पंचवीस. उरलेले वॅट खोक्यावर राहतात. शिवाय वीज यायची कोठून? भारतात १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा कायम लागलेला असतो. तो पंचावन्न-साठ वॅट खातोच. गाडीचा अल्टरनेटर मंद गतीत जेमतेम पुरतो. म्हणून घ्यायचाच तर डी वर्गातला ध्वनिवर्धक घ्यावा. त्यात घेतलेल्या विजेपैकी ८० ते ९० टक्के वीज आवाजाच्या कामी येते. जुन्या पद्धतीच्या ध्वनिवर्धकात निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते.

आणि वॅट वाढवूनही फारसे साधत नाही, हे त्यांनी पुढे सांगितले. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीन डेसिबलनी वाढतो, म्हणजे कानाला थोडासा फरक कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. उलट बाजूने वारा काही कमी शक्तीचा नव्हे. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा गोंगाट ९० डेसिबलच्या पलीकडे जातो. आपल्याकडे कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी जी मर्यादा मानतात, तेवढा. आजीला या वाऱ्यावर मात करायला लावायची, तर ती ओरडल्यासारखीच ऐकू येणार.

तरीही उस्तादजींनी माझ्या आग्रहास्तव चाचणीपुरता एक संच जोडला. पुढच्या काचेमागे साडेसहा इंचांचे दोन स्पीकर, कागदाऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या शंकूचे, म्हणजे पावसाने खराब न होणारे, आसनाखाली लहानसा ध्वनिवर्धक, बॅटरीपासून चार बोटांवर फ्यूज, जाड तार. पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा स्पीकरांतून एक शिट्टी येऊ लागली आणि इंजिनाच्या गतीबरोबर तिचा स्वर चढू लागला. त्यांनी ध्वनिवर्धकाची आणि वादकाची ऋण जोडणी सांगाड्यावरच्या निरनिराळ्या जागांवरून काढून बॅटरीच्या एकाच टोकावर आणली. शिट्टी थांबली. दोन जागी पाय ठेवला की गोंधळ होतो, एवढेच ते म्हणाले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हे वाक्य लागण्यासारखे आहे, पण त्यांच्या मनात तसे काही नव्हते.

मग त्यांनी शिट्टीनंतरचे काम केले. एक बटण फिरवून खालचे सूर कापून टाकले. मी विचारले, असे का? लहान शंकूने खालचे सूर काढण्याचा प्रयत्न केला तर तो फाटतो, हे एक कारण. दुसरे कारण त्यांनी हिंदीत सांगितले ते तसेच देते: "कमरे में दीवारें भी गाती हैं, मैडमजी. सड़क पर दीवार कहाँ?"

यातले शास्त्र सोपे आहे. बंद खोलीत किंवा मोटारीच्या आत खालच्या सुरांना भिंती परत पाठवतात, त्यांना बळ देतात. उघड्यावर ते पसरतात आणि परत येत नाहीत. त्यातच इंजिनाचा आणि वाऱ्याचा गोंगाट खालच्याच सुरांत अधिक असतो, आणि तो उरलेसुरले सूर झाकून टाकतो. तेव्हा मोटारसायकलीवर टिकतो तो मधला पट्टा, सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांचा. जुन्या टेलिफोनवरून जेवढा जाई तेवढाच. त्यात माणसाचे शब्द कळतात. तंबोरा कळत नाही, डग्गा कळत नाही. उस्तादजींनी आजीची कॅसेट त्या पट्ट्यात बसवली आणि शब्द खरोखर स्वच्छ झाले. इतके स्वच्छ, की घरी खोलीतही मला ते तसे ऐकू आले नव्हते. जाते मात्र नाहीसे झाले. आणि आजोबांच्या खोकल्याशी जेव्हा कॅसेट आली, तेव्हा खोकला ऐकू आला आणि नंतर काहीच नाही. जात्याच्या घरघरीवर उभे असलेले आजीचे ते गप्प बसणे आता फीत संपल्यासारखे वाटत होते. दुकानातल्या पोऱ्याने कॅसेट संपली असे समजून पुढचे गाणे लावण्यासाठी हातही पुढे केला.

ओवीच्या अभ्यासाचा इतिहास जाणणाऱ्याला ही घटना परिचयाची वाटेल. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे नोंदवतो. म्हणजे ओवीचा उल्लेख येतो तोच कामाच्या आवाजासकट. १२९० साली ज्ञानेश्वरीत ओवी ग्रंथाची झाली आणि मुसळाचा, जात्याचा आधार तिने सोडला. विसाव्या शतकात साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये घराघरांतल्या ओव्या गोळा केल्या. दुर्गा भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेषा' (१९५६) लिहून या साऱ्या धनाकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी दिली. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडामागून खंड संपादित केले. त्यांचे ऋण फार मोठे आहे. पण छापील पान हाही एक गाळणीचा पट्टाच आहे. शब्द त्यातून नितळ उतरतात आणि घरघर मागे राहते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी पुण्याहून चालवलेल्या प्रकल्पात हजारावर गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आणि १९९०च्या दशकात त्यांचे ध्वनिमुद्रणही सुरू झाले. ओवीला तिचा खालचा सूर परत मिळण्याची सोय तेव्हा झाली, असे मला वाटते.

भाषांतराचेही हेच. मी आमच्या विभागात मौखिक काव्याचा वर्ग घेते. विद्यार्थी बंगाली, मल्याळी, ओडिया, हिंदी, कन्नड अशा अनेक भाषांतले. ओव्या मी त्यांच्यापुढे भाषांतरात ठेवते, कारण दुसरा मार्ग नाही. पहिल्या तासाला त्या फार साध्या, थोड्या कोरड्या वाटतात. भाषांतर उघड्या रस्त्यावरचे असते. त्याच्याभोवती भिंती नसतात. माहेर हा शब्द मराठी घरात उच्चारला की ज्या दहा गोष्टी घुमून परत येतात, त्या तेथे येत नाहीत. मग अभ्यासक तळटीपा वाढवतो, प्रस्तावना लांबवतो, म्हणजे वॅट वाढवतो. तीन डेसिबलचा फरक पडतो.

याच वर्गात एकदा वेगळे घडले. बलियाची एक विद्यार्थिनी भाषांतर वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, हे तर जँतसार आहे. भोजपुरी मुलखात जाते फिरवताना बायका जी गाणी म्हणतात त्यांना जँतसार म्हणतात. तिने त्या ओळी जात्याच्या ओढीने म्हणून दाखवल्या. भाषा माझ्या भाषांतराची, ओढ तिच्या आजीची. हुबळीच्या विद्यार्थ्याने कन्नडमधली बीसुव पदे आठवली. मी न पुरवलेला खालचा सूर त्यांनी आपापल्या घरून आणला होता. माझ्याजवळ भिंत नव्हती, त्यांच्याजवळ होती.

भारतीय साहित्य एकच आहे, ते अनेक भाषांत लिहिले जाते, हे साहित्य अकादमीचे सूत्र आपण सर्वांनी कधी ना कधी परीक्षेत लिहिलेले आहे. हे एकपण कोठे असते, याचा विचार करताना मला त्या तासाची आठवण होते. ओव्यांच्या शब्दांत ते फारसे नव्हते. ते ऐकणाऱ्यांच्या घरांत होते: ज्यांच्या घरी जाते फिरले होते त्यांना ते ऐकू आले, आणि ज्या दोन विद्यार्थ्यांनी जाते फक्त संग्रहालयात पाहिले होते त्यांना आले नाही. त्यांची बुद्धी कमी नव्हती, भाषांतरही सर्वांपुढे एकच होते. तेव्हा हे एकपण आपोआप मिळालेले वतन आहे असे मानणे धोक्याचे. जाती थांबली तशी ते परतवणारी घरेही कमी होत जातील. तुलनेचे काम त्या आधी करून ठेवायला हवे, अशी घाई मला अलीकडे वाटते.

गल्लीतल्या त्या चाचणीचा आणखी एक भाग सांगायचा आहे. आजीचा आवाज स्वच्छ झाल्यावर तो माझ्यापुरता राहिला नाही. समोरच्या दुकानातले लोक माना वळवून पाहू लागले. चहावाला थांबला. एकाने विचारले, हे भजन कोणत्या भाषेतले? माझी आजी नवऱ्याविषयी जे बोलली होती आणि नवऱ्याचे पाऊल वाजताच जे तिने गिळले होते, ते आता नाईवालानच्या पन्नास पुरुषांना ऐकू जात होते. भाषा कोणाला कळत नव्हती हे खरे. तरी मी बटण बंद केले.

जात्यावरची ओवी पहाटेची. घरातले पुरुष झोपलेले असतात, अंधार असतो, आणि जात्याची घरघर त्या बोलण्याला आडोसा देते. घरघरीचे हे दुसरे काम आहे: ती सुराला आधार देते आणि शब्दाला झाकतेही. आपण ध्वनिवर्धक लावतो तेव्हा पहिला आधार आणि दुसरा आडोसा, दोन्ही एकदम काढून घेतो. प्वातव्हाँ-राईरकरांच्या प्रकल्पात गाणाऱ्या स्त्रियांची नावे, गावे त्यांच्या संमतीने नोंदली आहेत. आपले गाणे जगाने ऐकावे असे त्यांपैकी कित्येकींनी मनापासून इच्छिले. माझ्या आजीला असे कोणी विचारले नव्हते. मी आत्याला दूरध्वनी केला. "अगं, मी रेकॉर्ड केलं ते आपल्यासाठी," ती म्हणाली. "तू ऐक की खुशाल. रस्त्याला कशाला ऐकवतेस?"

या प्रश्नाला कायद्यातही एक उत्तर आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, बाजारभागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. ओवीची पहाट कायद्याच्या रात्रीतच येते. करोल बागेत हा नियम किती पाळला जातो ते निराळे. पण नियम करणाऱ्यांनी नकळत ओवीच्या वेळेला शांततेचा हक्क दिला आहे.

दुसऱ्या दिवशी मी उस्तादजींना सांगितले, की स्पीकर काढा. विक्री हातची गेली तरी त्यांना वाईट वाटलेले दिसले नाही. आवाज वाढवण्याचा स्वस्त उपाय म्हणजे तो जवळ आणणे, असे म्हणून त्यांनी पुन्हा वही उलटी केली. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलनी उतरतो. काचेमागचा स्पीकर कानापासून सुमारे ऐंशी सेंटिमीटरांवर. हेल्मेटच्या अस्तरात बसणारा अडीच सेंटिमीटरांवर. अंतर बत्तीस पटींनी कमी, म्हणजे ढोबळ मानाने तीस डेसिबलांची बचत. तेवढाच आवाज हजाराव्या हिश्शाच्या शक्तीत मिळतो. शिवाय हेल्मेटची पोकळी ही लहानशी खोलीच. खालचे सूर थोडे तरी तेथे टिकतात. हेल्मेटातल्या यंत्राचा दूरध्वनीशी संबंध ज्या बिनतारी पद्धतीने जुळतो, तिला दहाव्या शतकातल्या हॅराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाचे नाव दिले आहे, कारण त्याने फुटीर टोळ्या एकत्र आणल्या. आमच्या विषयालाही एखाद्या राजाचे नाव देण्याजोगे आहे. उस्तादजींनी मला हॅंडलजवळ फ्यूजसकट एक चार्जिंगची जोडणी करून दिली, तिच्या मजुरीचे पैसे घेतले आणि आवाज इतकाच ठेवा की मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल, असे बजावले.

गेल्या रविवारी पहाटे जयपूरच्या महामार्गावर गुरुग्रामच्या पुढे मी ही व्यवस्था पारखून पाहिली. आजी माझ्या कानाशी बोलत होती. शेजारच्या गाडीला तिचा पत्ता नव्हता. जाते अस्पष्ट होते, पण त्याची जागा रिकामी नव्हती. एकसिलिंडरी चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा त्यात १,५०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला २५. कानाला ऐकू येणाऱ्या खालच्या मर्यादेच्या, सुमारे २० कंपनांच्या, जेमतेम वर हा सूर येतो. तो कानापेक्षा आसनातून, मांड्यांतून, मणक्यातून कळतो. आजीच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेल्या पोराला जाते असेच कळत असले पाहिजे. आजोबा खोकले, आजी थांबली, आणि या वेळी फीत संपली असे वाटले नाही. काहीतरी फिरत होते. पाऊण मिनिटाने तिने ओवी पुरी केली.

यात एक विपरीत गोष्ट आहे, ती डोळ्यांआड करता येत नाही. आजीचे जाते बंद पाडले ते याच कुळातल्या एका इंजिनाने. आमच्या गावच्या पिठाच्या गिरणीचे डिझेल इंजिन याच तालात पुकपुकत असे, आणि त्याच्या तालावर कोणी ओवी रचल्याचे मी ऐकलेले नाही. रांगेत डबे ठेवून बायका घरी जात. एन्फील्डनेही एके काळी डिझेल इंजिनाची मोटारसायकल काढली होती, म्हणजे नाते फार दूरचे नाही. त्या गिरणीने आजीच्या खांद्यांना विश्रांती दिली, हेही तितकेच खरे. तिच्या ओव्यांत जात्याची कौतुके कमी आणि कष्टाची गाऱ्हाणी पुष्कळ आहेत. जाते परत यावे असे मी म्हणणार नाही. त्याचा आवाज ज्या ज्या भाषेत अजून कोणाच्या तरी कानात आहे, तेथून तो टिपून घ्यावा, एवढेच.

बलियाच्या त्या विद्यार्थिनीने होळीच्या सुट्टीत आपल्या आजीची जँतसारे दूरध्वनीवर मुद्रित करून आणली. ती वर्गात लावू का, असे तिने मला विचारले. मी तिला आजीला विचारायला सांगितले. आठवड्याने उत्तर आले. आजीची काही हरकत नव्हती. तिने एवढेच विचारले, की तुमच्या विद्यापीठात जाते आहे का? आमच्या विभागात दोन चांगले ध्वनिक्षेपक आहेत. जात्याची चौकशी सध्या चालू आहे.